टापटीपचा कोबा

आमच्या गल्लीत एक धोबी होता. धोबी म्हटलेलं त्याला खपत नसे. दारावर ‘लाँड्री’ अशी पाटी. स्वच्छतेचा सोस असा, की पायपुसण्यावर पाय टेकण्याआधी गडी पायपुसणंच झटकून घ्यायचा. लोक टापटीप म्हणून चिडवायचे आणि त्या शहाण्याला ती पदवी वाटायची.

अंगण मातीचं. दोरीवरची चादर निसटली की पुन्हा धुवा, आणि बायकोच्या नावानं शंख. एका वर्षी त्यानं गवंडी बोलावला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचा कोबा घातला. मधलं झाडही तोडलं. झाडाला पानं येतात आणि आलेली पानं पडतात, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा.

पुढची मौज ऐका. शिंपीण नवऱ्याला म्हणाली, “धोब्याच्या घरी कोबा आणि आपण चिखल तुडवायचा होय?” शिंप्यानं घातला. शिंप्याचा बघून मास्तरांनी घातला. हे मास्तर वर्गात पाणी जमिनीत कसं मुरतं त्याची सुंदर आकृती काढायचे, आणि घरी येऊन गवंड्याला विचारायचे, “कोपऱ्यात फट राहिली नाही ना रे?” माणूस फळ्यावरून शिकतो हे थोतांड आहे, तो शिकतो शेजाऱ्याच्या कुंपणावरून डोकावून. एका म्हातारीला अंगणच नव्हतं, तर तिनं उंबऱ्यापुढे ताटाएवढा कोबा घालून घेतला आणि रोज पुसू लागली.

पाऊस पडला की सगळं पाणी खळखळ करत गटारात आणि गटारातून गावाबाहेर. टापटीप दारात उभा राहून कौतुकानं बघायचा. “थेंब म्हणून थांबत नाही बघा.” नाहीच थांबला. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या परसातल्या विहिरीनं बादलीतून गाळ वर दिला.

त्या विहिरीवर याची चूल पेटायची. मोठं गिऱ्हाईक म्हणजे दवाखाना. तिथल्या कंपाउंडरनं पिवळट चादर उलगडली आणि विचारलं, “ही धुतलीय, का धुवायचीय? सुधारलं नाही तर मोठे डॉक्टर कपडे धुवायचं यंत्र घेणार आहेत, सांगून ठेवतो.”

विहीर खणणारा आला. त्यानं आत वाकून बघितलं, मग गल्लीभर नजर फिरवली. “जमिनीचं तोंड लिंपून ठेवलंत आणि विहिरीला पाणी मागताय? फोडा हे.”

झालं, टापटीप दारोदार निघाला. स्वतःचा सोडून सगळ्यांचा कोबा फोडायला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

शिंपी मशीनवरून न उठता म्हणाला, “तुमचा बघून घातला, तुमचा बघून फोडू.”

“माझ्या चादरी पडतात हो खाली.”

“मग आमची कापडं काय हवेत तरंगतात?”

मास्तर म्हणाले, “तत्त्वतः पटतंय तुमचं. पण आधी कोण फोडतंय ते बघतो.”

असा सगळा पावसाळा एकमेकांच्या अंगणाकडे बघण्यात गेला आणि पाणी गटारातून गेलं. शेवटी एका दुपारी त्याची बायको पहार घेऊन अंगणात उतरली. “दोरीवर काय, तुमची अब्रू वाळत घालू?” म्हणाली आणि घाव घातला. तो धावला. कोबा वाचवायला नव्हे, तर फोड वेडीवाकडी होऊ नये म्हणून. पहार हिसकावली, दोरी शोधून आणली, मधोमध चौकोन आखला, तेवढाच फोडला आणि कडा घासून गुळगुळीत केल्या.

आठवड्याभरात गल्लीतल्या प्रत्येक अंगणात मधोमध तसाच चौकोन. शिंपी टेप घेऊन माप न्यायला आला होता. म्हातारीनं ताटाएवढ्या कोब्यात वाटीएवढं भोक पाडून घेतलं. कशासाठी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. घालतानाही कुठं वाटलं होतं म्हणा.

पुढच्या पावसात त्या अडाणी चौकोनांतून पाणी मुरलं आणि विहिरीनं तळ झाकला. टापटीप निळीची पुडी खिशात घालून दवाखान्यात गेला. कंपाउंडरनं त्याला मागच्या खोलीत नेऊन घरघरणारं नवं यंत्र दाखवलं.

आता तो इस्त्रीवर भागवतो. यंत्रानं पोटावर पाय दिला, असं गिऱ्हाइकांना सांगत असतो. बायको आतून म्हणते, “यंत्र आत्ता आलं. एक पावसाळा तुम्ही लोकांची दारं वाजवण्यात घालवलात, तो कुणी खाल्ला?”