सांगलीला दीड दिवस दिला आणि मिरजेत तंबोरा अडला

दीड दिवस सांगलीला आणि मिरजेला एक दुपार, ही वाटणी केली कुणी? मी नाही. आमच्या भजनी मंडळाला तंबोरा हवा म्हणून ही ट्रिप निघाली. तंबोरे बनतात मिरजेत. पण मंडळाच्या प्रमुख शोभावैनी म्हणाल्या, आधी सांगलीचा गणपती. गणपतीला मी कशाला नाही म्हणू? पण गणपतीनंतर हळदीचा बाजार, बाजारानंतर भडंग, भडंगानंतर घाट. जाणार असाल तर माझं ऐका, उलटं करा. आधी मिरज.

आमच्या इंद्रलोक वस्तीतून आम्ही तिघीच गेलो. शोभावैनी, माझी शेजारीण जसुबेन आणि मी. बाकीच्या बाया घरी बसून फोनवर हुकूम सोडत होत्या. रात्री जवळच काशिमीऱ्याला हायवेवर स्लीपर बस पकडली. गुडघे दुखत असतील तर वरचा बर्थ घेऊ नका, मी शिडीवर अर्धी लटकले होते आणि मागचे लोक जागा द्या म्हणत होते. सकाळी सांगली.

आता राग बाजूला ठेवून सांगते, सांगली झकास आहे. देवळातून निघालं की कृष्णा जवळच. घाटावर पाण्यात पाय सोडून बसले तर उठवेना. हळदीच्या बाजारात रस्ता विचारावा लागत नाही, नाकाने जायचं. तिथली हळद थोडी महाग वाटेल, पण घ्या, वरणाचा रंग बघाल. आणि भडंग, म्हणजे लसूण-तिखट लावलेले चुरमुरे, गरमच खा. जसुबेनने खाल्ले, डोळ्यांत पाणी, तरी दुकानदाराला म्हणते, "भैया, थोडी शक्कर डालो ना इसमें."

तो म्हणाला, "मावशी, साखर घातली तर मला गावात कोण ठेवंल?"

दुसऱ्या दिवशी जेवून मिरजेची बस घेतली. अर्धा तास लागतो, गाड्या सारख्या असतात. सतारमेकर गल्लीत शिरलो आणि मी मान वर करून बघतच राहिले. दुकानाच्या छताला भोपळे टांगलेले, आमच्या माठाहून मोठे. जमिनीवर लाकडाचा भुसा, आत कुणीतरी तार जुळवतंय, बाहेर स्कूटरवाला हॉर्न देतोय आणि कुणाला त्याचं काही नाही.

आम्ही कारागीर काकांना म्हटलं, चांगला तंबोरा दाखवा. त्यांनी विचारलं, गाणार कोण? आम्ही म्हटलं, सगळ्याच.

"ताई, सगळ्यांचा एक तंबोरा होत नाही. पुढं गाणारी कोण, तिचा सूर सांगा. त्यावर भोपळा निवडतो."

इतकी वर्षं शोभावैनी सुरुवात करतात, आम्ही मागून म्हणतो. हा प्रश्न मंडळात कधी आलाच नव्हता. काकांनी वैनींना गायला लावलं. आवाज छान, पण खाली उतरलाय, आणि वर जाताना दम तुटला. मग जसुबेनने मला ढोसलं. "गा ने, सुमन. किचन में गाती है तो मेरी दीवार हिलती है."

मी गायले. काकांनी तयार तंबोऱ्यांतला एक घेऊन छेडला आणि काय सांगू, माझ्या आवाजाखाली जमीन आल्यासारखं झालं. घ्यायचा तंबोरा एकच, म्हणून त्यांनी निवडीला दोन भोपळे काढून ठेवले. वैनींचा मोठा, माझा लहान.

वैनी म्हणाल्या, "मंडळ मी उभं केलं. सूर माझाच लागेल."

मी म्हटलं, "मंडळ तुमचं, कबूल. पण वरच्या ओळीला तुम्ही थांबता आणि मी ओढून नेते. तंबोरा खालचा लागला तर मी कुठे जाऊ?"

काका म्हणाले, बुधवारपर्यंत दोन्ही ठेवतो, मग कुणाला तरी देऊन टाकीन. परतीची बस पाचची. सबंध दिवस हातात असता तर निवांत बसून, चहा पिऊन, दोघींनी पुन्हा गाऊन तिथेच ठरलं असतं.

बसमध्ये वैनींनी मला थेपला दिला, पण माझ्याकडे न बघता.

घरी येऊन हळद डब्यात भरली, भडंग पोरांनी संपवले. तो सूर मात्र कानातून जात नाही. भांडी घासताना लागतो. वैनींना वाईट वाटेल हे मला कळतं, मलाही वाटतंय. पण मला पुढे बसून गायचंय, हे मी इथे उघड लिहितेय. मंडळातल्या बायांनो, वाचून नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून गप्प बसू नका. मंगळवारी भजनाला या आणि वैनींच्या आणि माझ्या तोंडावर सांगा, तंबोरा कुणाच्या सुराचा? बुधवारी सकाळी मी काकांना फोन करणार आहे. मला मंगळवारीच उत्तर पाहिजे.