मिडीतला उजवा हात

अर्धांगवायूने नवऱ्याची उजवी बाजू गेली, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी तोडगा काढला. वार्षिक कार्यक्रमात त्याने नेहमीसारखं स्टेजवर बसायचं, हात पट्ट्यांवर ठेवायचे, कीबोर्ड आपोआप वाजेल. लोकांना काय कळतंय.

त्याला बोलणंही जड झालं होतं. मी हो म्हणून टाकलं. आजारपणानंतर तो कीबोर्डच्या खोलीत गेलाच नव्हता. निदान या निमित्ताने कीबोर्डसमोर बसला असता.

त्याचं जुनं वादन कॉम्प्युटरवर मिडी फाइलींत होतं. मिडीत आवाज नसतो. कुठली पट्टी केव्हा दाबली, किती जोरात, एवढीच नोंद. ती पाठवली की समोरचा कीबोर्ड तेच वाजवतो. शिवाजीनगरच्या बाजारातून चार ब्लूटूथ अडॅप्टर आणले. एक त्याच्या कीबोर्डला, तीन त्याच्या विद्यार्थिनींच्या, म्हणजे चारही एकदम वाजतील. विद्यार्थिनी म्हणजे माझ्याच वयाच्या बायका, वाजवतातही, गातातही.

बनशंकरीच्या हॉलवर तालमीला मी प्ले दाबलं आणि कालवा झाला. एकच भावगीत वेगवेगळ्या सुरांत. गळा तापवायला प्रत्येकीने आल्या आल्या ट्रान्सपोजच्या बटणाने कीबोर्ड आपल्या सुराला लावला होता, कुणी काळी चार, कुणी पांढरी पाच, आणि तसाच सोडला होता. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीचं बिघडलंय. त्यांच्यातल्या थोरलीला सगळ्या अक्का म्हणतात. ती म्हणाली, "माझा काळी चारच असतो. बाकीच्यांचं बघा."

सगळ्यांचं ट्रान्सपोज शून्यावर आणलं. दुसऱ्यांदा नीट वाजलं. अंतऱ्याच्या आधी किंचित घाई, ती त्याचीच. बायका गायच्या विसरल्या. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी एका अडॅप्टरचा दिवा मधेच का लुकलुकतोय ते बघत होते.

"बघा सर, फक्त हात ठेवायचे," म्हणत सेक्रेटरींनी त्याचा उजवा हात स्वतःच उचलून पट्ट्यांवर ठेवला. नवऱ्याने डाव्या हाताने तो परत मांडीवर घेतला. मग माझ्याकडे बघून एकेक शब्द सावकाश म्हणाला,

"डावा हात काढ त्यातला. तो आहे माझ्याकडे."

मी फाइल उघडली, डाव्या हाताच्या खालच्या पट्ट्यांच्या नोंदी निवडल्या आणि पुसल्या. सेक्रेटरींनी विचारलं, लोकांसमोर चुकलं तर? मी म्हटलं, चुकेल.

पुन्हा लावलं. उजवा हात कॉम्प्युटरमधून धावत होता, डावा मागे पडत होता. दोन ओळींत तो थांबला.

"स्वल्प हळू," इथल्या कानडी सवयीने तो म्हणाला.

मी वेग उतरवला. तरी मागे पडला. आणखी उतरवला. शेवटी डावा हात उजव्याला येऊन मिळाला, पण बायकांचा श्वास ओळीच्या मधेच संपायला लागला. अक्का म्हणाली, इतकं संथ गाता येणार नाही. मी म्हटलं, मधे श्वास घ्या. आणि आहे तो वेग सेव्ह केला.