झोपू द्या मास्तरांना

मास्तर माणसाच्या दातांकडे आधी बघत, चेहऱ्याकडे मग.

स्टुलावर बसण्याआधी फुंकर मारत. धूळ असो वा नसो.

प्लास्टरचा नवा जबडा हातात आला की दाढांवरून अंगठा फिरवत आणि तेवढ्यापुरते डोळे मिटत.

चहा अर्धा कप पिऊन उरलेला साडूंपुढे सरकवत. झोप उडेल म्हणून.

खिशात एक वही असे. तिच्यात रोज सकाळी रात्रीची झोप लिहीत. दोन तास वीस मिनिटं. एक चाळीस. पुढे पुढे नुसतीच रेघ.

आमच्याकडे कवळ्या बनत. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत. त्या मापात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, आणि जबड्यावर मेणात दात मांडून कवळी करायची. हे काम मास्तर आणि त्यांचे साडू करत. मी साहित्याची पदवी घेतली होती, म्हणून मला जबड्यांवर नंबर घालण्याचं आणि डबे बांधण्याचं काम मिळालं होतं. मास्तर माझ्या वडिलांहून मोठे. पण जेवणाच्या सुट्टीत मला बोलायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनाही नव्हतं. मैत्री व्हायला एवढं पुरतं.

जबड्यावरून ते माणूस सांगत.

"हा उजवीकडून चावत नाही. दात दुखतोय, पण बायकोला सांगत नाही."

"ही सुया दातांत धरते. शिवणकाम."

"आणि हा?" मी एकदा विचारलं. त्या जबड्याच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या.

"हा रात्री भांडतो."

"कुणाशी?"

"ज्याच्यासमोर दिवसा तोंड उघडत नाही त्याच्याशी."

अशा शहाण्या माणसाची झोप एका फळ्याने खाल्ली.

फळा मालकांनी लावला. तीन महिन्यांनी कवळ्या कापणारं यंत्र येणार होतं. मग दोन कारागीर कशाला? "ज्याचं काम कमी परत येईल तो राहील," मालक म्हणाले. "उशीर झाला तरी रेघ. आता याहून न्याय काय असतो?" फळ्यावर दोन रकाने पाडले. एक मास्तरांचा, एक साडूंचा. खडू मालकांनी स्वतः आणून दिला. तेवढी उदारता त्यांच्याकडे होती.

साडू म्हणजे मास्तरांच्या मेव्हणीचे यजमान. दोघे चौदा वर्षं एकाच बाकावर बसत. साडूंचा मोठा गुण एकच. डबा संपला की हातावर डोकं ठेवायचं आणि पाचव्या मिनिटाला घोरायचं. फळा लागला त्या दुपारीही ते घोरले. मास्तर फळ्याकडे बघत बसले. त्या रात्रीपासून ते जागेच.

मग काय, जो तो झोपेतला पंडित झाला. मेव्हणीचा फोन आला. "भावोजी, आमचे हे आडवे झाले की संपलं. तुम्ही फार डोक्यात घेता." डोक्यात घेऊ नका हा सल्ला देणाऱ्यांना मास्तर डोकं काढून कुठे ठेवतील असं वाटत होतं, देव जाणे. शेजाऱ्याने जड पांघरूण दिलं. कोणी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, कोणी उजव्या. मालकांनी तर छापील कागदच आणला. 'शांत झोपेचे दहा नियम.' तो त्यांनी फळ्याच्या बरोबर खाली चिकटवला. चौथा नियम होता : कामाची चिंता कामावरच ठेवा. त्या कागदाच्या वर एक वीत अंतरावर मास्तरांच्या दोन रेघा होत्या.

मास्तरांनी सगळं केलं. कवळी करावी तसं केलं, केसाइतकाही फरक न ठेवता. गरम पाण्यात पाय. कोमट दूध. सातनंतर जेवण नाही.

"शंभरापासून उलटे आकडे मोजले," ते म्हणाले.

"मग?"

"शून्यावर पोचलो. मग उणे एक, उणे दोन."

फोनवर समुद्राच्या लाटांचा आवाज लावून पाहिला. रात्रभर लघवीला उठावं लागलं. चार मोजून श्वास घ्यायचा, सात मोजून धरायचा, आठ मोजून सोडायचा, असाही एक उपाय होता. धरायचे सात की आठ, याचा घोळ झाला आणि ते दिवा लावून बघायला उठले.

काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, दुसऱ्या खोलीत बिछाना टाकला. "घरात एकाने तरी झोपावं," त्या मला म्हणाल्या. "आणि दात खातात गं. भिंतीपलीकडून ऐकू येतं."

फळा काढा, एवढं मात्र कोणी सुचवलं नाही. मीही नाही. मीसुद्धा त्यांना विचारांवर लक्ष न देता झोपायची एक युक्ती सांगितली होती. कुठेतरी वाचलेली.

शेवटी काकूंनी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं. आमच्याकडे काम पाठवणाऱ्यांपैकीच ते एक. त्यांनी मास्तरांच्या तोंडाचं माप घेतलं आणि रात्री दातांवर चढवायची पट्टी करून घ्यायला सांगितलं. झोप न येणाऱ्याला डॉक्टरांनी दात वाचवण्याचा उपाय दिला. निदान डॉक्टरांनी खोटं आश्वासन तरी दिलं नाही. माप पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाले होते. ते आधीच आलं, इतर मापांबरोबर, एकाच खोक्यातून. आमच्याकडे मापावर नाव नसतं, नंबर असतो. नावं माझ्या रजिस्टरमध्ये. मी नाव लिहिलं, नंबर घातला आणि कामाच्या गर्दीत सांगायची विसरले.

तिमाहीचा शेवटचा दिवस आला. फळ्यावर चार-चार. मास्तरांपुढे शेवटचं काम एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. बाईंच्या वरच्या जबड्यात एकही दात नव्हता, खालचे मात्र स्वतःचे होते. वरची कवळी खालच्या दातांवर नीट मिटली पाहिजे. पाच वाजता डबे न्यायला गाडी येणार होती.

मास्तरांनी दोन्ही जबडे बिजागरीच्या चौकटीत बसवले. मध्ये मेणाचा तुकडा ठेवतात. रुग्णाने चावून दिलेला. तो काही बसेना.

"डॉक्टरला चावा घेता येत नाही," मास्तर पुटपुटले. मेण गरम करून त्यांनी ते दाबून बसवलं. कित्येक रात्री जागलेला माणूस मेणाला दोष देतो. मग ते दात मांडू लागले. एकेक दात खालच्या झिजलेल्या दातांशी जुळवत, घासत, पुन्हा जुळवत. हात असा होता की न जमणारंही जमत गेलं.

"ही बाई शाळेत शिकवायची म्हणतेस?" ते मला म्हणाले. "दाढा बघ. दगड चघळलेत जणू. हिला कोणीतरी छळतंय, आणि ही मूर्ख बोलत नाही. नुसती रात्री दात खाते."

"बिचारी," मी म्हटलं.

"बिचारी कसली! असल्या माणसांची मला कीव येत नाही. चीड येते. वर जगाला सांगत फिरणार, झोप येत नाही हो."

साडू हसले. मीही हसले.

दोन वाजता मी चिठ्ठी लावायला गेले आणि चौकट उलटी केली. खालच्या जबड्यावरचा नंबर बाईंचा नव्हता. रजिस्टर पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मास्तर, खालचा जबडा बाईंचा नाही."

"मग कुणाचा?"

मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं.

त्यांनी नाव वाचलं. चौकटीतल्या दाढेवर अंगठा फिरवला. या वेळी डोळे मिटले नाहीत. गालाच्या आतून त्यांची जीभ स्वतःच्या दाढांवरून फिरताना मला दिसली.

"असं होय," ते म्हणाले.

काही बिघडलं नव्हतं. तीन तास होते, त्यांना दोन पुरले असते. त्यांनी बाईंचा खरा खालचा जबडा घेतला. चावलेलं मेण डॉक्टर नेहमी दोन तुकड्यांत पाठवत, त्यातला दुसरा तुकडा एका दमात बसला. जुने दात मेणातून काढून ते नव्याने मांडू लागले. खांदे कधी नव्हे इतके सैल पडले होते. तीनच्या सुमाराला त्यांनी मेण कापायची सुरी खाली ठेवली, स्वतःच्या जबड्याशेजारी बाकावर गाल टेकला आणि झोपले. घोरू लागले.

साडू उठले. मला वाटलं, हलवतील. त्यांनी घासायचं यंत्र बंद केलं. खिडकीचा पडदा ओढला.

"झोपू दे बिचाऱ्याला," ते कुजबुजले. "किती दिवसांनी डोळा लागलाय."

चौदा वर्षांत या माणसाने कधी आवाज खाली आणला नव्हता.

मालक आले. त्यांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वा! शेवटी नियम लागू पडले म्हणायचे," असं म्हणून ते चवड्यांवर चालत परत गेले.

चार वाजता मी मास्तरांच्या खांद्याकडे हात नेला. साडूंनी मान हलवली. "दहा मिनिटं अजून. माणुसकी आहे की नाही?" साडेचारला पुन्हा तेच. एवढी माया मी त्या खोलीत कधी पाहिली नव्हती. तीन महिने सगळ्यांनी त्यांना झोपा म्हणून सांगितलं होतं, आणि आता ते झोपले होते. उठवलं असतं तर जागा राहिली असती. मी हात मागे घेतला. का, ते मला आजही सांगता येत नाही. दया म्हटलं तर मी आणि साडू एकाच रांगेत बसतो.

पाचला गाडी आली आणि गेली. साडूंनी खडू उचलला. आवाज होऊ नये म्हणून हळूच टेकवत त्यांनी मास्तरांच्या रकान्यात पाचवी रेघ ओढली.

मास्तर सहाला उठले. गालावर बाकाची खूण होती. त्यांनी फळा वाचला. मालक दारात होते. "आता राहू दे ते," मालक म्हणाले. मास्तरांनी बाकावरचा आपला जबडा उचलला, फडक्यात गुंडाळला आणि घरी गेले. परत आले नाहीत. काकू सांगतात, आता नऊला झोपतात.

बाईंची कवळी साडूंनी दुसऱ्या दिवशी नवे जबडे काढून नव्याने केली. दुसऱ्याने मांडलेले दात कारागीर पुढे नेत नाही. मास्तरांची चौकट फळीवर तशीच आहे. चौदापैकी नऊ दात मेणात आहेत. पाच अजून, दात विकत येतात त्या पट्टीवर.