कुकटपल्लीच्या एका लिनक्सवाल्यासाठी

मी एकदा एकाच माणसासाठी आमचं अख्खं सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा लिहून काढलं, आणि त्या माणसानं ते घेतलंच नाही. नातवंडांना हे मी त्यांच्या परीक्षेच्या आधी आवर्जून सांगते. आजीला अक्कल कमी होती हे ऐकून त्यांना धीर येतो.

हैदराबादेत काचीगुड्याला एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत मी आणि माझे धाकटे दीर शाळांची वेळापत्रकं लावणारा प्रोग्रॅम करून विकायचो. भाऊजी शाळाशाळांतून फिरायचे, लिहायची मी. झाडून सगळ्या शाळांत विंडोज. राज्याचे दोन तुकडे होण्याची ती वर्षं. सचिवालयातल्या माणसांची वाटणी चालली होती. नवरा तिकडच्या राज्यात गेला की मागोमाग बायकोही इथल्या शाळेला रामराम ठोकायची. त्यामुळे भर वर्षात शाळांतल्या बाई बदलायच्या, आणि नेमकं तिथंच आमचं घोडं अडायचं. जुन्या बाईंच्या जागी नव्या बाईंचं नाव घातलं की प्रोग्रॅम एकाच तासाला एका वर्गावर दोन बाई पाठवायचा आणि दुसरा वर्ग मोकळा सोडायचा.

माझी मामेबहीण मलकपेठेतल्या एका शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका होती. तिला कायम करायचं की नाही, हे दसऱ्यानंतर शाळेची समिती ठरवणार होती. समितीतल्या जुन्या खोडांचा विरोध असताना हातानं लावायचे तक्ते बंद करून तिनं आमचा प्रोग्रॅम आणला होता. दसऱ्याच्या सुट्टीत तिच्या दोन बाई जाणार होत्या. ही दुरुस्ती तेवढी सुट्टीच्या आत करून दे, म्हणाली. मी हो म्हटलं. हो म्हणायला मी पहिल्यापासून हुशार.

तेवढ्यात कुकटपल्लीहून एका कोचिंग क्लासवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे विंडोज नाहीच, सगळं लिनक्स; त्यावर चालवायचा तर आमचा प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहावा लागणार. आम्ही मूठभर लोक, आम्हाला कोण विचारतं, असं अगदी पडेल आवाजात म्हणाला. झालं, मी विरघळले. तीन पिढ्या हैदराबादेत काढून ज्या घराला गल्ली अजून ‘मरहट्टे लोगाँ’ म्हणते, ज्या घरातली पोरं आजोबांनी लिहिलेलं मराठी वाचू शकत नाहीत, त्या घरच्या बाईपुढे ‘मूठभर’ म्हणायची सोय नव्हती. मला वाटलं, लिनक्सवाले म्हणजे आपलेच. ऑपरेटिंग सिस्टिमला मातृभाषा समजणारी हौली, म्हणजे आमच्या हैदराबादीत खुळी, बाई या शहरात मीच एक असणार.

भाऊजी कधी आवाज चढवत नसत. चहा ढवळत म्हणाले, “वहिनी, आपण मूठभर आहोत ते जन्मानं. त्यानं ते मशीन हौसेनं घेतलंय. उद्या मनात आलं तर बदलेल. तुमच्या बहिणीला शाळा बदलता येणार आहे का?”

तुमचा जीवच दुकानदाराचा, असं मी त्यांना सुनावलं. आणि मोठ्या तोऱ्यात लिनक्सच्या मागे लागले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. स्क्रीनवर नीट दिसणारी तेलुगू अक्षरं त्याच्या प्रिंटरवर विस्कटायची. ती जुळवली की खिडक्या अर्ध्याच उघडायच्या. बहिणीचे फोन यायचे. करते गं, करते, म्हणून मी ठेवून द्यायची. शेवटी सगळं चाललं, तेव्हा कुकटपल्लीकर म्हणाला, आतला सगळा कोड आम्हाला उघडा करून द्या, त्याशिवाय वापरणं आमच्या तत्त्वात बसत नाही. कोडच वाटून टाकला तर आम्ही विकणार काय? फार अदबीनं म्हणाला. त्या अदबीचा मला आजही राग येतो.

आता कुणी तरुण पोरगं मोठ्या उमाळ्यानं मला सांगायला आलं, की छोट्या डेव्हलपरनं लिनक्सवाल्यांना आधी जवळ केलं पाहिजे, तर मी त्याला विचारते, तुझ्याकडे माणसं किती? मोठ्या कंपन्यांनी करावं, त्यांच्याकडे फौजा आहेत. दोन माणसांच्या दुकानानं, जे आधीच भरवसा टाकून बसलेत, त्यांचं नीट चालवावं. त्यातून वेळ उरला तर खुशाल जगाचा उद्धार करावा. आमचा काही उरत नव्हता.

दसऱ्यानंतर शाळा उघडली, त्या सकाळी मलकपेठेत नववीच्या एका तुकडीवर दोन बाई समोरासमोर उभ्या, आणि सातवीवर कुणीच नाही. सातवीची पोरं मैदानात. समितीचे अध्यक्ष नेमके त्याच दिवशी आले होते. बैठकीत बहिणीला आणखी एक वर्ष प्रभारीच ठेवलं, आणि भिंतीवर हातानं लावलेले तक्ते परत आले.

त्याच आठवड्यात मी दुरुस्ती करून पेनड्राइव्ह घेऊन तिच्याकडे गेले. ती ऑफिसात एकटीच पट्टी-पेन्सिल घेऊन तक्ता आखत होती. मी लिनक्सचं सगळं सांगितलं, तत्त्वाचंही सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग पट्टीवरून नजर न काढता म्हणाली:

“अक्का, तो तुला चार दिवस ओळखत होता, त्याच्यासाठी तू सहा महिने बसलीस. मी तुझ्या मांडीवर वाढले, मला तू फोनवर वाटेला लावलंस. चहा सांगितलाय, तो पिऊन जा. कंप्युटरला मात्र हात लावू नको.”