सासऱ्यांच्या काठीतून निघालेला बार

मी मूळची ठाण्याची. जपानमधल्या सेंदाई शहरात एका लॅबमध्ये धातूंवर काम करते, आणि ज्याचं रीडिंग घेता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबरची करमणूक म्हणून वाचत आले. आता स्वतःच लिहायला बसलेय... हसा हवं तर.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. माझे जपानी सासरे — मी त्यांना ओतोसान, म्हणजे बाबा, म्हणते — मोरिओकाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एकटेच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर शिकार केलेला माणूस. लायसन्सची बंदूक होती, लोखंडी कपाटात कुलूपबंद. तीन वर्षांपूर्वी, माझी मुलगी माया पाच वर्षांची असताना, मीच तोंड उघडलं — "बंदूक आहे त्या घरात मी मुलीला झोपवणार नाही." ओतोसान फक्त "हं" म्हणाले. आठवड्याभरात बंदूक पोलिसांकडे जमा झाली आणि मोडीत निघाली. पुढे अस्वलं गावात शिरायला लागली, शेजारीपाजारी त्यांच्याकडे येऊन हळहळू लागले, तरी त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. तेच जास्त लागायचं.

तर माझा दादा अमेरिकेहून आला होता. हाचिमांताईच्या नॅशनल पार्कात जायचं ठरलं — मी, दादा, माया आणि ओतोसान. पार्किंगमध्ये ओतोसानांच्या बॅगेला, अस्वलांनी आवाज ऐकून लांब राहावं म्हणून लटकवलेली घंटी बघून दादा हसला.

"नुसती घंटी? अगं, आमच्याकडे पार्कात लोक पिस्तूल कमरेला लावून फिरतात. मीसुद्धा."

मी भाषांतर केलं. ओतोसान शांतपणे म्हणाले, "इथे बंदूक शिकारीसाठी मिळते. स्वतःच्या रक्षणासाठी, असं कारण फॉर्मवर चालतच नाही." आणि अस्वलासाठीचा मिरचीचा स्प्रे त्यांनी दादाच्या हातात दिला.

वासाचं खाणं आणू नका, असंही त्यांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. पण मी पडले मराठी आई. पोरगी चालून दमेल म्हणून साजूक तुपातले बेसनाचे दोन लाडू गुपचूप तिच्या खिशात घातले. दोन लाडवांनी काय होतंय, असं वाटलं मला.

साडेअकराची वेळ, स्वच्छ ऊन. लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना कमरेएवढा बुटका बांबू. माया आमच्या पंधरा-वीस पावलं पुढे, फळीवर बसून लाडू खात होती. तिच्या पलीकडे पानं हलली आणि अस्वल वाटेवर आलं. दादाचा उजवा हात कमरेला गेला आणि तिथेच चाचपडत राहिला. डाव्या हातातला स्प्रे तो विसरूनच गेला होता. अस्वल मायाच्या दिशेने धावत निघालं.

ओतोसानांनी चालायची काठी उचलली, खांद्याला लावली, तिच्यावर गाल टेकवला. आणि बार झाला.

छातीत बसेल असा बार. समोरच्या डोंगरावरून तो परत आला. ओतोसानांचा खांदा मागे ढकलला गेला, ते दोन पावलं मागे सरकले. अस्वल जागच्या जागी वळलं आणि बांबूत घुसलं. फटाक्यांच्या दारूचा वास मला अगदी स्पष्ट आला.

मायाने मागे वळून विचारलं, "दारे गा उत्ता नो?" — गोळी कोणी मारली? मी धावत जाऊन तिला उचललं.

खाली व्हिजिटर सेंटरमध्ये कळवलं तेव्हा त्यांनी ती वाट लगेच बंद केली. पण म्हणाले, त्या भागात शिकारीला बंदी आहे, आज कोणी बंदूकवाला वर गेलेला नाही, आणि आवाज तर आम्हाला आलाच नाही. काठी मी तिथेच तपासली. ॲल्युमिनियमची, पोकळ, टोकाचं रबरी बूच जागच्या जागी.

घरी आल्यावर ओतोसानांचा उजवा हात वर होईना. शर्ट काढायला मदत केली तर खांद्याच्या खळग्यात, बंदुकीचा दस्ता टेकतो तिथे, तळहाताएवढा जांभळा डाग. गार पाण्याची पट्टी ठेवता ठेवता मला रडू आलं.

"ओतोसान, चूक माझी. लाडू मी दिले. तुमची बंदूकही मीच घालवली."

त्यांनी डाव्या हाताने पट्टी स्वतःच धरली. मग म्हणाले, "माया मध्ये होती. खरी बंदूक असती तर मी चाप ओढलाच नसता."

"मग आज का ओढलात?"

"हातात काही नव्हतं, म्हणून."

यापेक्षा जास्त ते कधीच बोलले नाहीत. दादाही हा विषय काढत नाही. भास म्हणावा तर चौघांनाही एकाच वेळी कसा झाला, आणि तो डाग तीन आठवडे कसा राहिला? मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. मला काहीही सापडलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी लग्नानंतर पहिल्यांदाच ओतोसानांच्या पाया पडले. जपानी माणूस... त्यांना काय करावं ते कळेना. मग तेही तातामीच्या चटईवर गुडघे टेकून माझ्यासमोर वाकले, आणि आधी डोकं कोणी वर करायचं हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.