मागच्या सीटवरची आजी

कल्पना करा, जन्मभर तुम्ही सायकलवर भाड्यानं माणसं वाहिलीत आणि आज पहिलीच रेसची सायकल घ्यायला दुकानात उभे आहात. मुसान्झे गावच्या गक्वाया या सायकलवाल्याचं नेमकं तेच झालं. रविवारच्या शर्यतीत त्याला काहीही करून उतरायचं होतं.

"कॅरियर कुठाय?" त्यानं विचारलं.

"रेसच्या सायकलला नसतंय, भाऊ. म्हणून तर हलकी आहे."

"म्हणजे वस्तू काढून घेतली आणि वर किंमत वाढवली?"

जुनी, स्वस्तातली बघून त्यानं एक घेतलीच. पण दुकानाबाहेर पेडल मारताच तो आडवा झाला. मागं वजन नसलं की त्याला तोलच सापडेना. शेवटी त्यानं कॅरियर बसवून घेतलं, वर गादी बांधली आणि रोजचं गिऱ्हाईक असलेल्या मुकांदोरी आजीला बटाट्यांच्या पोत्यासकट बसवलं. मग मात्र चढावर त्यानं सराव करणाऱ्या दोन स्पर्धकांना मागं टाकलं.

"हाण रे पोरा!" आजी ओरडली. "बटाट्यांना कोंब फुटायच्या आत पोचव!"

तो थेट शर्यतीच्या नावनोंदणीच्या टेबलाशी थांबला.

"साहेब," त्यानं धापा टाकत विचारलं, "आजीचं नाव वेगळं लिहायचं, की तिला सामानात धरता?"