बिरड्याचा रोजा आणि माझी सोबत

मी आजवर शेकड्यांनी उपास केले आहेत आणि एकाही उपासात उपाशी राहिलेलो नाही.

निजामाच्या अमलात हिंगोलीला असताना त्यातूनच माझी फजिती झाली. शेजारी शमुवेलमास्तर राहायचे. कुलाब्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. श्रावणात त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली आणि त्यांचा बिरड्याचा रोजा, म्हणजे बिरडं खाऊन सोडायचा उपास, आला. मास्तर उदास होते. "यंदा रोजाला सोबत नाही, बापूराव. गावात आमचं दुसरं घरच नाही."

"काहून न्हाई? मी हाय की! माझा बी उपास!" (तोंडाला कुलूप नसणं हा आमचा खानदानी रोग!)

सकाळी बायकोला रताळी किसायला सांगून मी ऐटीत गेलो, तर मास्तर उघड्या फरशीवर बसलेले!

"पाटावर बसा की, मास्तर."

"आज दुखवटा. यरुशलेमचं आमचं मंदिर शत्रूनं याच तिथीला जाळलं. पुन्हा बांधलं, तेही याच तिथीला पाडलं."

"कवा झालं हे?"

"दुसऱ्यालाही दोन हजार वर्षं होत आली."

दोन हजार वर्षं! आमच्याकडे तेराव्यालाच गोडाचं होतं. मला खरंच भरून आलं. डोळे पुसून विचारलं, "मग फराळाला काय राहते?"

"काही नाही. काल दिवस मावळल्यापासून आज चांदण्या दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही."

मी मटकन खाली बसलो. मास्तरांना वाटलं, दुखवट्यात सामील झालो!

दुपारपर्यंत कसाबसा टिकलो. मग "म्हशीला पाणी दावून येतो" म्हणून घरी धूम ठोकली. बायकोनं ताट वाढूनच ठेवलं होतं. "मला ठाऊक व्हतं, तुमी येऊन राहिले म्हून!" भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस... उभ्याउभ्याच हाणलं आणि परत येऊन मास्तरांहून केविलवाणा चेहरा करून बसलो. अधूनमधून उसासेही टाकले. मास्तर सारखे माझ्याकडे टक लावून बघत होते. केवढं कौतुक, मला वाटलं!

चांदण्या दिसल्या. केळीच्या पानावर भात आणि मास्तरांनीच रांधलेलं मोडाच्या वालांचं बिरडं आलं. स्वतः उपाशी असून मास्तरांनी पहिलं पान माझ्यापुढे मांडलं! लाजेनं माझा हात उचलेना.

"मास्तर, मी दुपारी... खाऊन आलो."

"ठाऊक आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "तुमच्या मिशीला तेव्हापासून भगरीचं शीत चिकटलंय. एरवी रोजा जड जात नाही हो मला. आज मात्र नजर त्या शितावरून हलेना!"

मी मिशी पुसली, बिरडं दोनदा वाढून घेतलं आणि तेव्हा कुठं उमगलं : सोबतीला म्हणून बसलो, आणि बिचाऱ्याचा रोजा मीच दुप्पट कडक केला!